मुखवटा आणि सही

(टेंभुर्णी येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)





 निमंत्रण देताना चिटणीस साहेब म्हणाले, "सर, शिक्षणाचे महत्त्व या विषयावर चार शब्द सांगा." मी त्यांना म्हणालो, या विषयावर मी इतकी वर्षे बोलत आलो आहे की आता पालकांनाच माझे भाषण पाठ झाले असेल. आज मला दुसऱ्याच एका गोष्टीविषयी बोलू द्या. ती गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे, मुलांच्या उशाशी आहे, आणि तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे मोबाइल, आणि त्या मोबाइलच्या आड नाव लपवून केला जाणारा निषेध.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. त्याचे नाव मी सांगणार नाही. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली आणि ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. लागलीच डिसेंबरात मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाल्याचे संसदेत सांगण्यात आले. त्या दिवसांत हा मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या दोन धाकट्या बहिणींचे अर्ज भरून झाले होते. मुलगा हुशार, संगणकात डोके चालणारा. तो म्हणाला, "सर, अर्ज-विनंत्या पुष्कळ झाल्या. आपण ती वेबसाइटच पाडू या. एका ग्रुपवर मुले आहेत, ती शिकवतात. कोणी केले ते कुणालाच कळणार नाही."

मी त्याला रागावलो नाही. त्याचा राग खोटा नव्हता. मी त्याला एवढेच विचारले, "बाळ, वेबसाइट पडली तर त्या दिवशी कोणाचे नुकसान होईल? दिल्लीच्या साहेबांचे, की नववी-दहावीच्या ज्या मुलांचे अर्ज अजून भरायचे आहेत त्यांचे?" तो गप्प राहिला. पण जाताना त्याने मला उलट प्रश्न केला. "मग सर, आमच्यासारख्यांनी करायचे तरी काय?" आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे, जमेल तसे, उत्तर आहे.

प्रथम हे 'वेबसाइट पाडणे' म्हणजे काय ते पालकांसाठी सांगतो. समजा, आपल्या एस. टी. स्टँडवर चौकशीची एकच खिडकी आहे. कोणी ठरवून पाच हजार माणसे तिथे उभी केली आणि प्रत्येक जण उगाचच विचारू लागला, "पंढरपूरची गाडी किती वाजता?" तर खिडकी फुटत नाही, कारकुनाला कोणी मारत नाही. परंतु ज्या बाईला खरोखरच पंढरपूरला जायचे आहे तिला खिडकीपर्यंत पोचता येत नाही. संगणकावर हेच काम यंत्रे करतात. खोट्या मागण्यांचा पूर येतो आणि संकेतस्थळ बंद पडते. दुसरा प्रकार असा की कुलूप कच्चे असले तर आत शिरायचे, भिंतीवर आपली घोषणा लिहायची, किंवा कपाटातले कागद बाहेर आणून जगाला दाखवायचे. जे लोक राजकीय हेतूने, स्वतःच्या पैशाच्या लाभासाठी नव्हे, असे उद्योग करतात, ते स्वतःला आंदोलक म्हणवितात. पोलीस त्यांना गुन्हेगार म्हणतात. दोघांच्याही म्हणण्यात काही अंश खरा आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. जगात अशा गोष्टींची फारशी चर्चाही नव्हती तेव्हा, १९९८ साली, त्याचा मोठा फटका मुंबईला बसला. त्या वर्षी ११ आणि १३ मे रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या. पुढच्याच महिन्यात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाच्या टोळीने शिरकाव केला, शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार पळविला आणि केंद्राच्या संकेतस्थळावर अण्वस्त्रविरोधी मजकूर झळकविला. हे करणारे कोण होते? अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंड अशा देशांतली, आपल्या दहावी-बारावीच्या वर्गात शोभतील अशा वयाची पोरे! एकमेकांचे तोंडही न पाहिलेली. त्यांनी जगाला दोन गोष्टी दाखवून दिल्या. घरात बसलेला पोरगा एका राष्ट्राच्या मोठ्यात मोठ्या संस्थेची झोप उडवू शकतो, ही एक. आणि मोठ्या संस्थांची कुलपेही कच्ची असतात, ही दुसरी. मात्र ज्या हेतूने त्यांनी हे केले, तो साधला का? एकही अणुबाँब कमी झाला नाही.

पुढे 'अनॉनिमस' म्हणजे 'निनावी' हेच नाव घेतलेला जमाव जगभर गाजला. त्याला अध्यक्ष नाही, कचेरी नाही, सभासदांची वही नाही. हसऱ्या, मिशाळ चेहऱ्याचा एक मुखवटा ही त्यांची खूण. तो चेहरा गाय फॉक्स नावाच्या इंग्रज माणसाचा. १६०५ साली इंग्लंडचे पार्लमेंट सुरुंगाने उडविण्याच्या कटात तो सापडला होता. हा मुखवटा २०१२ साली मुंबईत येऊन पोचला. त्याचे असे झाले की चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवर मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी संबंध नसलेलीही अनेक संकेतस्थळे सरसकट बंद केली. त्याचा निषेध म्हणून मे महिन्यात या निनावी मंडळींनी सर्वोच्च न्यायालयाचे आणि काँग्रेस पक्षाचे संकेतस्थळ काही काळ बंद पाडले. जूनमध्ये मुंबईच्या एम. टी. एन. एल. या टेलिफोन कंपनीचे संकेतस्थळ पाडले. ९ जून २०१२ रोजी देशातील अनेक शहरांत, आणि मुंबईत आझाद मैदानावर, मुखवटे घातलेले तरुण निदर्शनाला उभे राहिले. दगड नाही, शिवी नाही. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि इंटरनेटवरील बंदी हा विषय सामान्य माणसाच्या कानावर गेला. हे त्यांचे श्रेय आपण प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

परंतु बंदी उठली ती कशाने? त्याच महिन्याच्या २२ तारखेला मद्रास उच्च न्यायालयाने खुलासा केला की आक्षेपार्ह पान तेवढेच बंद करावे, सबंध संकेतस्थळ नव्हे. तो खुलासा मागायला कंपन्यांचे वकील न्यायालयात नावानिशी उभे राहिले होते. मुखवट्याने गोष्ट ऐकू आणली, सहीने ती सोडविली.

याहून स्पष्ट दाखला २०१५ सालचा आहे. इंटरनेटच्या सर्व वाटा सर्वांना सारख्याच खुल्या असाव्यात, पैसेवाल्या कंपन्यांना वेगळा रस्ता नको, अशी मागणी होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांची मते मागविली. दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. पुढे प्राधिकरणाने ही मते पाठविणाऱ्यांच्या पत्त्यांसकट उघड केली, तेव्हा संतापून निनावी मंडळींनी त्यांचे संकेतस्थळ पाडल्याचा दावा केला. संकेतस्थळ काही वेळाने पूर्ववत झाले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने लोकांच्या मागणीप्रमाणे नियम केला. हा नियम कोणामुळे झाला? काही तासांच्या त्या हल्ल्यामुळे नव्हे. नाव-पत्ता घालून लिहिणाऱ्या त्या लाखो माणसांच्या रेट्यामुळे झाला.

आता कोणी म्हणेल, सर, तुम्ही एकच बाजू सांगता. सही करणाऱ्याचे काय हाल होतात ते सांगा ना! सांगतो. तेही सांगितले पाहिजे.

२०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर, स्वतःच्या नावाने, दोन-चार वाक्ये लिहिली. तिच्या मैत्रिणीने त्याला फक्त पसंती दर्शविली. एक मुलगी मुसलमान, दुसरी हिंदू. दोघींना पोलिसांनी अटक केली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. त्याच वर्षी सप्टेंबरात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. चित्रांवर त्यांचे नाव होते. सत्येंद्र दुबे नावाचे एक अभियंता राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर होते. त्यांनी भ्रष्टाचाराविषयी पंतप्रधानांच्या कचेरीला पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. नाव गुप्त राहिले नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमध्ये गया येथे त्यांचा खून झाला. आणि पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे माहितीच्या अधिकाराचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांना १३ जानेवारी २०१० रोजी भर सकाळी रस्त्यावर मारण्यात आले.

तेव्हा नाव लपविणे म्हणजे भेकडपणा, असे मी म्हणणार नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यातसुद्धा नावे लपविली गेली. १९४२ सालच्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. तेव्हा बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी, उषा मेहता, आणि तिचे सोबती यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांना चकविण्यासाठी जागा सारख्या बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला ती मंडळी पकडली गेली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आजच्या भाषेत बोलायचे तर तो निनावी निषेधच होता. पण त्यांत आणि आजच्या मुखवट्यांत एक फरक आहे, तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. त्या रेडिओवरून जे सांगितले जाई ते दडपलेले सत्य होते. आणि पकडल्यावर त्यांनी शिक्षा अंगावर घेतली, दुसऱ्या कोणावर ढकलली नाही.

म्हणून मी दोन प्रकार वेगळे करतो. सत्य सांगणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून नाव झाकणे हा एक. आपल्या कृत्याचे परिणाम दुसऱ्याने भोगावेत म्हणून नाव झाकणे हा दुसरा. पहिल्याला पदर म्हणावे, दुसऱ्याला बुरखा पांघरलेला चोर म्हणावे.

हा दुसरा प्रकार आपल्या समाजाला फार महाग पडला आहे. याविषयी मी स्पष्ट बोलणार आहे, कारण इथे बसलेल्या प्रत्येक आईच्या काळजाशी हा विषय आहे.

ज्या आझाद मैदानावर जूनमध्ये मुखवट्यांनी शांततेने निदर्शने केली, त्याच मैदानावर दोन महिन्यांनी, ११ ऑगस्ट २०१२ रोजी, आसाम आणि म्यानमारमधील मुसलमानांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ सभा झाली. दुःख खरे होते, सभा बोलावणेही बेकायदा नव्हते. पण त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर चित्रे फिरत होती. त्यांपैकी अनेक चित्रे दुसऱ्याच देशांतील, दुसऱ्याच प्रसंगांची होती. ती कोणी पाठविली? कुणाचेच नाव नाही. सभेतून दंगल उसळली. दोन तरुण गेले, पन्नासाहून अधिक माणसे जखमी झाली, त्यांत पोलीस पुष्कळ. त्याच महिन्यात उलट दिशेने निनावी संदेश फिरले आणि पुण्याहून, बंगळूरहून ईशान्येकडील हजारो विद्यार्थी व कामगार घाबरून गाड्या भरभरून गावी पळाले. धमकी देणारा कोण होता ते त्यांनाही ठाऊक नव्हते. बदनामी मात्र कोणाची झाली, ते मी सांगायला नको.

दुसरा प्रसंग आपल्या जिल्ह्याच्या जिव्हारी लागलेला आहे. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस फेसबुकवर शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे कोणी तरी टाकली. पुण्यात तणाव निर्माण झाला. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये आपल्या सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता नमाज पढून परत चालला होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जमावाने त्याला ठार मारले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. शिकून-सवरून पुण्याला नोकरीला लागलेला मुलगा! आपण ज्यासाठी ही संस्था चालवितो, नेमके तेच त्या मुलाने साधले होते.

मित्रहो, यातून मी एक धडा घेतला. निनावी कृत्य कधीही बिननावाचे राहत नाही. करणारा नाव लपवितो, तेव्हा जमाव आपल्या मनाने त्याला एक नाव देतो. आणि ते नाव बहुधा दुबळ्याचे असते. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या 'स्टेटस'वरून काय झाले ते आपण पाहिले. पोरांनी दोन मिनिटांत काही तरी लावले, आणि ७ तारखेला सबंध शहरात दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. ज्या दुकानांवर दगड पडले त्यांच्या मालकांना त्या 'स्टेटस'ची गंधवार्ताही नव्हती.

हा धडा मी लहानपणीच शिकलो होतो, पण त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. १९७२ च्या दुष्काळात आमची अम्मी याच माढा तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. दिवसभर घण मारून हातांना फोड यायचे. मुकादम हजेरीत घोळ करायचा. सहा दिवसांचे काम आणि पाच दिवसांची मजुरी. कोणी तरी वैतागून वरच्या साहेबाला निनावी कार्ड टाकले. ते कार्ड फिरून मुकादमाच्याच हाती आले. त्याने काय केले? लिहिणारा सापडेना म्हणून त्याने आमच्या सगळ्या टोळीलाच चार दिवस कामावर घेतले नाही. त्यातून बायकांमध्येच एकमेकींवर संशय. "तुझ्याच पोराला लिहिता येते," असे अम्मीला बोल लावले गेले. मी लिहिले नव्हते. घरात चार दिवस सुकडीवर काढले.

मग टोळीतली एक म्हातारी, आम्ही तिला गोदा आजी म्हणायचो, म्हणाली, "आता सगळ्याच जणी अंगठे लावू. किती जणींना काढतोय बघू." अर्ज मी लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. त्याखाली तेवीस बायकांनी अंगठे उठविले. हिंदू, मुसलमान, मांग, धनगर, सगळ्या. त्या अर्जाची चौकशी झाली. बुडालेली मजुरी सगळी मिळाली नाही, थोडी मिळाली. पण त्यानंतर हजेरीला काळे-पांढरे झाले नाही. एक नाव मोडता येते. तेवीस नावे मोडायला जड जातात.

सोलापूर जिल्ह्याला हे कोणी शिकवायला नको. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहराने इंग्रजांचा अंमल झुगारून दिला आणि सरकारला तेथे मार्शल लॉ पुकारावा लागला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार हुतात्मा चौकातून जाताना आपण त्यांचे पुतळे पाहतो. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे वर्तमानपत्र चालवीत. लिहिणाऱ्याने आपल्या शब्दाला जामीन राहावे, ही रीत त्यांच्या पिढीने पाळली. लोकमान्यांच्या 'केसरी'त अग्रलेखाखाली सही नसे. परंतु १९०८ साली खटला झाला तेव्हा ते म्हणाले नाहीत की हे कोणी लिहिले ठाऊक नाही. सहा वर्षे मंडालेला गेले. छापील कागदावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव असते, ते यासाठीच. आपल्या या स्मरणिकेवरही आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या कागदाला मात्र मुद्रक नाही. तो कागद पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्याचा मुद्रक ठरतो, हे आपण विसरतो.

आता विद्यार्थ्यांना व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. 'कोणाला कळणार नाही' हे खोटे आहे. एस. टी.च्या तिकिटावर जसा नंबर असतो, तसा तुमच्या मोबाइलच्या प्रत्येक फेरीला नंबर पडतो. २०१० च्या डिसेंबरात 'अनॉनिमस'च्या हाकेला ओ देऊन अमेरिकेतल्या पेपाल कंपनीवर हजारोंनी हल्ला केला. त्यांना जे साधन दिले होते, ते वापरणाऱ्याचा पत्ता लपवीतच नव्हते. पुढच्या जुलैत चौदा जण पकडले गेले. त्यांत विशी-बाविशीची मुलेही होती. हाक देणारा वेगळा असतो आणि सापडणारा वेगळा असतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे किंवा तो बंद पाडणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हेतू चांगला होता, ही सबब तेथे चालत नाही. एकदा पोलीस दप्तरी नाव चढले की पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे ते नाव तुमच्या आधी जाऊन बसते. दुसऱ्याच्या नावाचे खाते चालविणे हाही गुन्हाच आहे. कोणी तुमच्या नावाने खाते उघडून वाईट मजकूर टाकला तर गप्प बसू नका. पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवा, घरी सांगा, मुख्याध्यापकांना सांगा, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार तेथे नाव न देताही करता येते. पैशाच्या फसवणुकीसाठी फोनचा नंबर १९३० आहे. सोलापूरच्या मार्शल लॉचे साल म्हणून तो ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट. नाव झाकून सत्य सांगण्याचे कायदेशीर मार्गही आहेत. दुबे यांच्या खुनानंतर, २००४ साली, सरकारने ठराव केला. त्याप्रमाणे केंद्र सरकारच्या खात्यांतील भ्रष्टाचाराची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे करता येते. नाव आयोगाला द्यावे लागते, पण आयोग ते बाहेर फोडत नाही. म्हणजे जगाला मुखवटा आणि कायद्याला सही. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. संगणकाची गोडी असलेल्या मुलांना सांगतो, एखाद्या सरकारी संकेतस्थळाचे दार उघडे दिसले तर आत जाऊ नका. 'सर्ट-इन' नावाची सरकारी संस्था आहे, तिला कळवा. तीच बुद्धी, तीच हातोटी, आणि त्यावर पोट भरेल असा प्रतिष्ठेचा धंदाही आज आहे.

चौथी गोष्ट सर्वांसाठी. काहीही पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे खरे आहे, हे मी पडताळले आहे का? यामुळे माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला मार बसेल का? आणि उद्या याच्याखाली सही करायची वेळ आली तर मी करीन का? खबर आली तर आधी तिची शहानिशा करावी, ही शिकवण आपल्या घरात नवी नाही. तिच्यात फक्त मोबाइलचा समावेश करायचा आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचा मोबाइल हिसकावून घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. मूल रागावलेले असेल तर तो राग घरात बोलू द्या. घरात बोलायला जागा नसली की मूल निनावी ग्रुपमध्ये बोलते. तिथे त्याला मामू, चाचा म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुढे वकील द्यायची वेळ येते तेव्हा त्यांतला एकही सापडत नाही.

सही करणाऱ्यांच्या पदरी काहीच पडत नाही, असेही समजू नका. पालघरच्या मुलींची बातमी वाचून श्रेया सिंघल नावाची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, स्वतःच्या नावाने. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते ६६-अ कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केले. असीम त्रिवेदी यांच्यावरील राजद्रोहाचा आरोप मागे घ्यावा लागला. आपल्या उजनीचेही उदाहरण आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये उजनीचे पाच टी. एम. सी. पाणी इंदापूरकडे वळविण्याचा आदेश निघाला. आपल्या जिल्ह्यातले शेतकरी उघड तोंडाने रस्त्यावर आले. मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. मोबाइल त्या वेळीही होता. त्याने माणसे जमविली, लपविली नाहीत.

आता त्या विद्यार्थ्याचे काय झाले ते सांगून मी थांबतो. आम्ही दोघांनी मिळून एक अर्ज तयार केला. शिष्यवृत्ती थांबल्याने कोणत्या घरातल्या किती मुलांचे काय अडले, हे त्याने घरोघर फिरून लिहून काढले. विशेषतः मुलींचे. पालकांच्या सह्या घेतल्या. कित्येक आयांनी अंगठे लावले. अर्ज पाठविला. किती अर्ज आले होते, किती अडले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारले. खोटे कशाला सांगू? शिष्यवृत्ती परत आली नाही. पण घरोघर फिरताना काढलेली ती यादी गावातल्या चार व्यापाऱ्यांपुढे ठेवली तेव्हा अठरा मुलींच्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांची सोय झाली. त्याच्या दोन्ही बहिणी आज शाळेत आहेत. तो मुलगा स्वतः डिप्लोमाला आहे. सुट्टीत घरी आला की मला अजून विचारतो, "सर, आपल्या त्या अर्जाचे पुढे काय झाले?" मी म्हणतो, "उत्तर आलेले नाही. पुन्हा पाठवू." आणि आम्ही पुन्हा पाठवितो. दर वेळी सह्या थोड्या वाढतात.

माझ्या अम्मीला लिहिता-वाचता येत नव्हते. आयुष्यात तिने फार थोड्या कागदांवर अंगठा लावला. लावण्यापूर्वी ती मला तो कागद दोनदा वाचायला लावी. "ठीक से पढ, बेटा. अंगूठा मेरा है," असे म्हणे. आज आपल्याला सगळ्यांना लिहिता-वाचता येते आणि अंगठा दिवसातून शंभर वेळा काचेवर पडतो. तो पडण्यापूर्वी अम्मीसारखे दोनदा वाचू या, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.